डावी पाकळी

नऊ वर्षं वेरावळच्या ट्रॉलरवर काढली.
बर्फ फोडला, जाळी शिवली,
माशांच्या राशीत हात इतके गार पडायचे
की चोरी नेमकी कुठल्या हातानं केली
तेही आठवेना.

डोळे आठवायचे.
पावणाईचे चांदीचे डोळे, चिंचोक्याएवढे.
मेण खरवडून काढले तेव्हा
माझ्याच तळहातावरून वर बघत होते.
कोल्हापुरात सराफानं तराजूत टाकले,
म्हणाला, फार हलके आहेत हो.
ते पैसे आकड्याला लावले.
आकडा आला नाही.

एवढंच असतं तर
माझं नि देवीचं आम्ही बघून घेतलं असतं.
पण गावानं विचारलं, देवळात शेवटी कोण होतं?
केर काढणारी चंद्रावती होती.
मी तिथंच होतो, खांबाला टेकून.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
फार वेळ नाही, नारळ फोडायला लागतो तेवढाच,
आणि मी खांबावरचा वाळका चुना
नखानं काढत राहिलो.

केरसुणी काढून घेतली तिच्या हातातली.
ती खाली खाडीकाठी राहायला गेली,
दुसऱ्यांची सुंगटं सोलायची म्हणे,
टोपलीमागे दहा रुपये.

यंदा आलो.
शिमगा होऊन चार दिवस झाले होते,
मांडावर अजून गुलाल होता.
पंचांपुढे पैसे ठेवले, नव्या डोळ्यांचे,
आणि सांगून टाकलं.
कुणी मारलं नाही.
मारलं असतं तर बरं वाटलं असतं.
तातू गुरव एवढंच म्हणाला,
"आमी कोण सांगणार? तिका इचारूया."

पाषाणावर पाणी शिंपडलं.
उजव्या खांद्यावर एक पाकळी, डाव्यावर एक.
उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही,
हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक.

"गे आवशी पावणाई,
तुझां लेकरू चुकलां, वाट सोडून गेलां,
आज पायाशी इलां हा, तेका पदरात घे..."
व्हय म्हाराजा!

समईत दोनदा तेल घातलं.
खाडीला भरती लागली, होड्यांची तोंडं फिरली.
पाकळ्या जागच्या हलेनात.
होय नाही, नाहीही नाही,
नुसता ओला काळा दगड
आणि त्याला लागून बसलेलं माझं नशीब.

तातू घाम पुसत वळला.
"झिलू, तू नेमका मागतंस काय?"
"माफी."
"ता तुझा झाला. हिचा काय?"
त्यानं हनुवटीनं दाखवलं.
पायरीखाली चंद्रावती उभी होती,
सुंगटांचे हात पदरात लपवून.

गाऱ्हाणं घालायची माझी ऐपत नव्हती,
शब्दही येत नव्हते.
म्हटलं, पावणाई,
डोळे मी नेले. हिनं नाही.
केरसुणी तिची तिला मिळू दे.
माझं राहू दे.

लोक "व्हय म्हाराजा" म्हणायच्या आत
उजवी पडली.
पाकळी पडल्याचा आवाज होत नाही.
मला झाला.

चंद्रावतीनं घागरीतल्या पाण्यानं हात धुतले,
सावकाश, कोपरापर्यंत.
दारामागची केरसुणी कुणी पुढे केली
तर म्हणाली, "ही नको. माजी हा."
घरी गेली आणि घेऊन आली.
दर वर्षी एक बांधून आढ्याला टांगायची,
जुनी मोडून, नवी.
कुणी बोलावेल म्हणून नव्हे,
असं तिची सून सांगते,
देवीचं काम थोडंच सुटतं म्हणून.

माझी विश्वासाची ओळख तेव्हापासूनची.

डावी पाकळी अजून तिथंच आहे.
वाळून तपकिरी झाली, कडा वळल्या.
तातू रोज पाषाणाला न्हाऊ घालतो,
तेवढा खांदा सोडून.
का, ते मी विचारत नाही.
रोज पहाटे विहिरीचं पाणी ओढतो,
पायऱ्या धुतो, आणि उंबऱ्याशी उभा राहून बघतो,
आज तरी पडली का,
आज तरी पडली नाही ना.

"बाजूक सर," चंद्रावती म्हणते,
"केर काढूचो हा."

मी सरतो.
मी उभा होतो ती जागाही
ती झाडून घेते.